सर्व्हिस जिवंत ठेवायची तर तिच्यावर लक्ष कुणाचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑफिसात डेबियन या लिनक्स वितरणावर चालणारा एक सर्व्हर आहे. त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, पायथनमध्ये लिहिलेलं बिलिंगचं अ‍ॅप आणि रात्रीचा बॅकअप चालतो. अ‍ॅप अधूनमधून बंद पडतं, म्हणून क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या साधनात, दर पाच मिनिटांनी चालणारी स्क्रिप्ट टाकली आहे. प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या, यादीत ‘बिलिंग’ हे नाव ग्रेप कमांडने शोधायचं, सापडलं नाही तर अ‍ॅप सुरू करायचं. मागच्या आठवड्यात सकाळी एकही बिल निघेना, पण स्क्रिप्टच्या लॉगमध्ये रात्रभर ‘चालू आहे’ एवढंच होतं. तर स्क्रिप्ट आता दर मिनिटाला चालवावी का?

नको. स्क्रिप्ट काढूनच टाका. ती दर सेकंदाला चालवली तरी हेच होईल, कारण ती चुकीच्या ठिकाणी चौकशी करते. प्रोसेसच्या यादीत ‘बिलिंग’ शोधलं की जिच्या नावात किंवा आर्ग्युमेंटमध्ये तो शब्द आहे अशी कुठलीही प्रोसेस सापडते. कुणी दुसऱ्या टर्मिनलवर बिलिंगचा लॉग सतत दिसत राहावा म्हणून टेल करून ठेवला असेल तर तीही सापडते. एडिटरमध्ये ती फाइल उघडी असेल तर तीही. खुद्द ग्रेपही स्वतःला सापडू शकतं. आणि अ‍ॅप सुरू व्हायला वेळ घेत असताना स्क्रिप्टची पाळी आली, तर दोन अ‍ॅप उभी राहतात आणि दुसरं ‘पोर्ट आधीच वापरात आहे’ म्हणून कोसळतं. मी स्वतः उमेदीच्या काळात अशा स्क्रिप्ट पुष्कळ लिहिल्या आहेत. त्यातली एक जवळपास दोन दिवस एका विसरलेल्या टेलकडे बघून ‘सगळं ठीक’ म्हणत होती.

युनिक्समध्ये एखादी प्रोसेस मेली हे खात्रीने कळतं ते फक्त तिच्या पालकाला. पालक फोर्क करून, म्हणजे स्वतःची प्रत काढून, मूल जन्माला घालतो. मूल संपलं की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, पालकाला सिगचाइल्ड हा सिग्नल पाठवतो, आणि पालकाने वेट ही विचारणा केली की मूल कशाने गेलं तेही सांगतो: स्वतःहून शून्य देऊन संपलं, एरर देऊन संपलं, की कुणी सिग्नलने मारलं. बाकी जे कोणी बाहेरून यादी बघतात ते अंदाज बांधत असतात. सर्व्हिस चालू ठेवण्याची सगळी चांगली साधनं या एका गोष्टीवर उभी आहेत, म्हणून ती आधी मनात पक्की करा.

जुनी पद्धत नेमकी याच्या उलट होती. प्रोग्रॅम दोनदा फोर्क करून मुद्दाम पालकापासून तुटायचा, पोरका व्हायचा, मग एक नंबरची प्रोसेस, म्हणजे इनिट, त्याला दत्तक घ्यायची. आपण कोण ते लक्षात राहावं म्हणून तो आपला नंबर एका पीआयडी फाइलमध्ये लिहून ठेवायचा. अचानक लाईट गेली की अ‍ॅपच्या फोल्डरातली ती फाइल तशीच राहते. मशीन परत सुरू झाल्यावर तो नंबर भलत्याच प्रोसेसला मिळालेला असतो, आणि स्क्रिप्ट एकतर ‘चालू आहे’ म्हणते, नाहीतर बंद करायला जाऊन भलत्याचाच जीव घेते.

यातली एक गोष्ट मला कायम नवलाची वाटत आली आहे. सिस्टम-फाइव्ह युनिक्समधल्या इनिटच्या इनिटटॅब फाइलमध्ये ‘रीस्पॉन’ हा शब्द पहिल्यापासून होता. टर्मिनलवर लॉगिन विचारणारी गेटी प्रोसेस मेली की इनिट ती लगेच पुन्हा उभी करायचा. दोन मिनिटांत १० पेक्षा जास्त वेळा मेली तर ‘फार वेगाने मरते आहे’ असं सांगून पाच मिनिटं थांबायचाही. म्हणजे पालकाने लक्ष ठेवायचं आणि वेडावाकडा हट्टही करायचा नाही, हे दोन्ही तिथे होतं. तरीही मेल, वेब, डेटाबेस या खऱ्या सर्व्हिस मात्र मशीन उठताना चालणाऱ्या आरसी स्क्रिप्टने सुरू करून वाऱ्यावर सोडल्या जायच्या. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या डीमनटूल्सने आणि नंतर रनिटने ही चूक दुरुस्त केली: प्रत्येक सर्व्हिसला एक छोटा पालक, जो तिला सोडून जात नाही. मॅकवर २००५ पासून लाँचडी हेच करतं. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत आता हे काम सिस्टमडीकडे आहे, डेबियनमध्ये २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून. सिस्टमडी प्रत्येक सर्व्हिसला कर्नलच्या सीग्रुपमध्ये, म्हणजे प्रोसेसच्या एका गटात, ठेवतं, त्यामुळे दोनदा फोर्क करून निसटू पाहणारी मुलंही त्याच पिशवीत राहतात.

तेव्हा तुमच्या अ‍ॅपसाठी एक युनिट फाइल, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची ते सिस्टमडीला सांगणारी फाइल, लिहा. अ‍ॅपला ‘मागे जाऊन चाल’ असं सांगणारा डीमन पर्याय असेल तर तो काढा. त्याने पुढेच, म्हणजे फोरग्राउंडला, चालायचं आणि लॉग सरळ स्टँडर्ड आउटपुटवर टाकायचा. टाइप सिंपल किंवा एक्झेक ठेवा. अ‍ॅपसाठी वेगळा युझर करा, रूटने चालवू नका. इथवर सगळे बरोबर करतात. घोळ होतो तो रीस्टार्टच्या ओळींत, म्हणून तिथे जरा थांबतो.

रीस्टार्ट हा पर्याय मुळात ‘नो’ असतो. म्हणजे तुम्ही काही लिहिलं नाही तर मेलेली सर्व्हिस मेलेलीच राहते. बरेच जण ‘ऑन-फेल्युअर’ लिहितात आणि ते साधारण योग्य आहे, पण एक गोष्ट माहीत हवी: सिगटर्म, म्हणजे ‘बंद हो’ या सिग्नलने, झालेला मृत्यू सिस्टमडी ‘नीट बंद झाली’ असाच धरतं. साधी किल कमांड हाच सिग्नल पाठवते. कुणाच्या स्क्रिप्टने पीकिल (नावावरून किल करणारी कमांड) चालवलं आणि त्यात तुमचं अ‍ॅप गेलं, तर ‘ऑन-फेल्युअर’ त्याला उठवणार नाही. जी सर्व्हिस कधीच स्वतःहून संपायची नाही तिला मी ‘ऑलवेज’ लावतो. तुम्ही सिस्टमडीची सिस्टमसीटीएल स्टॉप ही कमांड दिलीत तर ती तरीही बंदच राहते, त्यामुळे दुरुस्तीच्या वेळी अडचण होत नाही.

आता दुसरी ओळ. दोन प्रयत्नांमधला वेळ, रीस्टार्टसेक, मुळात १०० मिलिसेकंद असतो. आणि १० सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा सुरू व्हायला लागलं तर सिस्टमडी हात टेकतं. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. सुरू होताच मरणारी सर्व्हिस एखाद-दोन सेकंदांत आपले पाचही प्रयत्न संपवते आणि मग ‘फेल्ड’ होऊन पडून राहते, ‘ऑलवेज’ लिहिलेलं असूनही.

हे मी एका पावसाळ्यात शिकलो. अ‍ॅप एका मशीनवर, डेटाबेस दुसऱ्या. रात्री लाईट गेली, यूपीएस संपला, पहाटे लाईट आली. अ‍ॅपचं मशीन आधी उठलं. डेटाबेसचं मशीन अजून डिस्क तपासत होतं. अ‍ॅपने जोडणी मागितली, मिळाली नाही, मेलं. असं पाच वेळा. काही मिनिटांनी डेटाबेस अगदी ठणठणीत उभा होता, पण अ‍ॅपला उठवायला कुणी उरलं नव्हतं. मी पोचलो तेव्हा काउंटरवर माणसांची रांग होती आणि मला करायला लागली ती फक्त एक कमांड. युनिटमध्ये डेटाबेसनंतर सुरू हो, असं ‘आफ्टर’ लिहिलेलं होतं. पण ‘आफ्टर’ एकाच मशीनवरचा क्रम ठरवतं, दुसऱ्या मशीनबद्दल त्याला काही ठाऊक नसतं. शिवाय एकाच मशीनवरही ‘आफ्टर’ फक्त सुरू होण्याचा क्रम लावतं. डेटाबेसला सुरू करायला लावण्यासाठी ‘वॉन्ट्स’ किंवा ‘रिक्वायर्स’ वेगळं लिहावं लागतं.

त्यानंतर मी ठरवलेले आकडे असे: रीस्टार्टसेक १५, स्टार्टलिमिटइंटर्व्हलसेक (मर्यादा किती सेकंदांत मोजायची) ९००, स्टार्टलिमिटबर्स्ट (तेवढ्यात किती वेळा सुरू होऊ द्यायचं) ४०. दर १५ सेकंदांनी एक याप्रमाणे साधारण १० मिनिटं प्रयत्न होतात आणि मग थांबतात. नुसतं रीस्टार्टसेक पाच करून सोडलं तर १० सेकंदांत पाचची मर्यादा कधीच गाठली जात नाही, सर्व्हिस अनंतकाळ मरत आणि उठत राहते. वरवर हे चांगलं वाटतं. पण ‘ऑनफेल्युअर’ नावाचा जो वेगळा पर्याय आहे, सर्व्हिस पडली की मला निरोप पाठवणारं दुसरं युनिट चालव असं सांगणारा, तो सर्व्हिस ‘फेल्ड’ अवस्थेत गेल्यावरच जागा होतो. मर्यादा गाठलीच नाही तर निरोपही कधी येत नाही. म्हणून मर्यादा ठेवा, फक्त ऐसपैस ठेवा. स्टार्टलिमिटच्या दोन्ही ओळी युनिट या भागात लिहायच्या असतात, सर्व्हिस या भागात नाही. ही चूक मी खूप ठिकाणी पाहिली आहे. सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ व्हेरिफाय चालवलं की अशा ओळी लगेच दिसतात. सिस्टमडी २५४ किंवा त्यापुढचं असेल तर प्रयत्नांमधलं अंतर हळूहळू वाढवत नेण्याची सोयही आहे. डेबियन १२ मध्ये २५२ आहे, तिथे ती मिळणार नाही.

पोस्टग्रेसला मात्र हे असलं काही लावू नका. डेबियनच्या पॅकेजमधल्या युनिट फाइलमध्ये आपोआप रीस्टार्टची ओळ मुद्दामच बंद ठेवली आहे आणि कारण तिथेच लिहिलं आहे. पोस्टग्रेसचा मुख्य प्रोसेस, पोस्टमास्टर, हाच आपल्या मुलांचा पालक आहे. एखादं बॅकएंड, म्हणजे एका जोडणीचं काम करणारं मूल, कोसळलं तर तो सगळ्यांना बंद करून, सांभाळून पुन्हा उभं करतो. खुद्द पोस्टमास्टर गेला असेल तर काहीतरी गंभीर घडलं आहे, डिस्क भरली आहे किंवा खराब झाली आहे, आणि तिथे डोळे मिटून पुन्हा सुरू करण्याआधी माणसाने बघितलेलं बरं. आणखी एक: डेबियनवर सिस्टमसीटीएल स्टेटस पोस्टग्रेसक्यूएल विचारलं तर ‘अ‍ॅक्टिव्ह, एक्झिटेड’ असं हिरवं उत्तर येतं. ते युनिट नुसतं नावापुरतं आहे. खरा डेटाबेस आवृत्ती आणि ‘मेन’ असं नाव जोडलेल्या दुसऱ्या युनिटमध्ये चालतो. तो मेला तरी पहिलं हिरवंच राहतं. आपल्या देखरेखीच्या यादीत कुठलं नाव आहे ते आज तपासा.

आता तुमच्या त्या सकाळकडे येतो, कारण मला वाटतं तिथे प्रोसेस मेलीच नव्हती. ‘चालू आहे’ हे खरंच होतं, पण अ‍ॅप काम करत नव्हतं. असं होण्याचं मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेलं कारण सांगतो. कुणीतरी संध्याकाळी पीएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेसची कमांडची खिडकी, उघडून व्यवहार सुरू करणारं बिगिन लिहिलं, एक अपडेट चालवला, कमिट करून तो पक्का न करता खिडकी तशीच ठेवून घरी गेलं. त्या ओळींवरचं लॉक रात्रभर तसंच. अ‍ॅपच्या एकेक वर्करला, म्हणजे काम करणाऱ्या प्रोसेसला, त्याच ओळी हव्या असतात, एकेक जण रांगेत थांबतो, सगळे वर्कर अडकले की अ‍ॅप गप्प. पोस्टग्रेसमध्ये स्टेटमेंट टाइमआउट, लॉक टाइमआउट आणि व्यवहार उघडा ठेवून बसलेल्या सेशनचा टाइमआउट, तिन्ही मुळात शून्य असतात, म्हणजे मर्यादाच नाही. पुन्हा तसं झालं तर काही रीस्टार्ट करण्याआधी पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे डेटाबेसच्या चालू सेशनची यादी, बघा. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अशी ओळ तासन्‌तास जुनी दिसली तर चोर सापडला. अशा वेळी अ‍ॅप शंभरदा रीस्टार्ट केलं तरी पुन्हा तिथेच येऊन अडकतं. उपाय डेटाबेसमध्ये आहे: अ‍ॅपच्या युझरला लॉकसाठी काही सेकंदांची आणि उघड्या सेशनला काही मिनिटांची मर्यादा लावा.

अडकलेल्या प्रोसेससाठी पालकाला सिगचाइल्ड मिळत नाही, कारण मूल गेलेलं नाही. तिथे मुलाने अधूनमधून ‘ओ’ द्यायला हवी. सिस्टमडीत याला वॉचडॉग आहे. वॉचडॉगसेक ३० लिहिलं तर अ‍ॅपने ३० सेकंदांच्या आत, शक्यतो निम्म्या वेळातच, एक छोटा निरोप ठरलेल्या सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसनी एकमेकींशी बोलायच्या वाटेवर, पाठवायचा. नाही आला तर सिस्टमडी त्याला सिगअबॉर्टने पाडतं आणि मग रीस्टार्टचे नियम लागू होतात. पायथनमध्ये हे चार-पाच ओळींचं काम आहे. पण तो निरोप ज्या लूपमध्ये खरं काम होतं तिथूनच गेला पाहिजे. त्यासाठी वेगळा थ्रेड (त्याच प्रोसेसमध्ये समांतर चालणारं काम) काढलात तर काम करणारा थ्रेड अडकलेला असताना हा बिचारा इमानाने ‘ओ’ देत राहील. पायथनची वेब अ‍ॅप चालवणारं गुनिकॉर्न वापरत असाल तर त्याचा मास्टर हेच काम वर्करसाठी करतो. साधा, सिंक प्रकारचा वर्कर ३० सेकंद गप्प राहिला तर मास्टर त्याला मारून नवा काढतो.

आणि बाहेरून, दुसऱ्या मशीनवरून, एक तपासणी हवीच. ती प्रोसेसची नको, कामाची हवी. एक पत्ता असा ठेवा जो डेटाबेसमधून एक छोटी चौकशी करून आणतो आणि मगच ‘ठीक’ म्हणतो. ही तपासणी चुकली तर माणसाला निरोप जाऊ द्या, अ‍ॅपला रीस्टार्ट जाऊ देऊ नका. डेटाबेस आजारी असताना अ‍ॅपला मारून काय मिळणार? वॉचडॉगने फक्त स्वतःच्या तब्येतीचं सांगावं, बाहेरच्या तपासणीने सगळ्या साखळीचं.

रीस्टार्टची व्यवस्था झाली की एक धोका सुरू होतो: मरण्याचं कारण कुणी शोधतच नाही. आठवड्यातून एकदा जर्नलसीटीएल कमांडने त्या युनिटचा लॉग बघा आणि किती वेळा उठवावं लागलं ते मोजा. ‘एनरीस्टार्ट्स’ हा आकडा सिस्टमसीटीएल शो मध्ये मिळतो. एक्झिट १३७ दिसलं तर १२८ अधिक नऊ, म्हणजे नऊ नंबरचा, अडवता न येणारा सिगकिल हा सिग्नल. बहुधा मेमरी संपली आणि कर्नलच्या ओओएम किलरने बळी घेतला. कर्नलच्या लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. अशा वेळी अ‍ॅपला मेमरीमॅक्स लावा, म्हणजे ते स्वतःच्या मर्यादेतच मरेल, शेजाऱ्याला घेऊन जाणार नाही. पोस्टग्रेसच्या मुख्य प्रोसेसला डेबियन ओओएम किलरपासून आधीच संरक्षण देतं (ओओएमच्या गुणांत उणे ९००).

डिस्कबद्दल दोनच गोष्टी. डीएफ या मोकळी जागा दाखवणाऱ्या कमांडमध्ये जागा दिसते आहे पण फाइल बनत नाही, तर डीएफ -आय करून आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींच्या जागा, संपलेत का बघा. लाखो छोट्या सेशन फाइलींनी असं होतं. आणि मोठा लॉग डिलीट केला तरी जागा सुटत नाही, तर कुठल्या तरी प्रोसेसने तो उघडा धरलेला असतो. त्या प्रोसेसने फाइल सोडेपर्यंत जागा परत मिळत नाही.

बॅकअप ही सर्व्हिस सारखी चालत नाही, म्हणून तिचं मरण सर्वांत उशिरा कळतं. ती क्रॉनऐवजी सिस्टमडीच्या टाइमरवर घ्या आणि ‘पर्सिस्टंट’ लावा. मग रात्री दोन वाजता मशीन बंद असलं तर उठल्यावर राहिलेला बॅकअप होतो. अपयशाचा निरोप यावा यावर मात्र विसंबू नका, कारण जे सुरूच झालं नाही ते अपयशही कळवत नाही. यशाचा निरोप पाठवा आणि तो सकाळी आला नाही तर दुसऱ्या मशीनने बोंब मारावी असं करा. वेबसाइटच्या एचटीटीपीएस सर्टिफिकेटचंही तसंच. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं सर्टिफिकेट आपोआप नवं होतं, पण एनजिनएक्सला रीलोड दिलं नाही तर तो मेमरीतलं जुनंच दाखवत राहतो. मुदत फाइलमधली बघू नका, बाहेरून जोडणी करून समोर येणारी बघा.

एसएसएचची, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायच्या वाटेची, काळजी सगळ्यांच्या आधी घ्या, कारण ती गेली तर बाकीचं दुरुस्त करायला आत जाता येणार नाही. सेटिंग बदललं की एसएसएचडी -टी ने फाइल तपासा, मग रीलोड करा आणि चालू सेशन बंद न करता दुसऱ्या खिडकीतून आत जाता येतंय ना ते बघा.

हे सगळं लावून झालं की एका शनिवारी दुपारी ते मोडून बघा. आधी अ‍ॅपच्या मुख्य प्रोसेसला किल -९ द्या आणि १५ सेकंदांनंतर उठतं का बघा. मग पोस्टग्रेस पाच मिनिटं बंद ठेवा, पुन्हा सुरू करा आणि अ‍ॅपला हात न लावता ते सावरतं का बघा. मग सिगस्टॉप द्या. प्रोसेस जिवंत राहते पण गोठते. नेमकी तुमची ती सकाळ. वॉचडॉग लागलेला असेल तर तो तिला ३० सेकंदांनी सिगअबॉर्ट पाठवेल. थांबवलेली प्रोसेस एरवी त्या सिग्नलवर काही करत नाही, पण सिस्टमडी मागोमाग ‘पुढे चाल’ सांगणारा सिगकॉन्टही पाठवतं, म्हणून ती बहुधा लगेच मरते. अ‍ॅपने सिगअबॉर्ट अडवला असेल तर मात्र शेवटी सिगकिल जाईपर्यंत दीडेक मिनिट लागू शकतं. तेवढं थांबा, घाबरून मधे हात घालू नका. हे फार वाटत असेल तर टाइमआउटअबॉर्टसेक कमी करा.

शेवटी पूर्ण मशीन रीबूट करा. सुरू केलेली पण ‘एनेबल’ (मशीन उठताना आपोआप सुरू हो) न केलेली सर्व्हिस त्याच वेळी उघडी पडते, आणि ती शनिवारी दुपारी उघडी पडलेली बरी. तुमची जुनी क्रॉनची ओळ या रीबूटच्या आधी काढायला विसरू नका. नाहीतर पहिल्या पाच मिनिटांत तीच दुसरं अ‍ॅप उभं करू शकेल आणि पोर्टची भांडणं तुम्ही नव्या युनिटमध्ये शोधत बसाल.